बाई एके ठिकाणी चुकल्या

एवढी जाडजूड कादंबरी लिहायची, तिच्यात एकामागून एक बायका मारायच्या, पण एकीलाही काय खायला आवडायचं ते सांगायचं नाही, याला मी आळस म्हणते. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि मत लिहून फळ्यावर लावायचं, अशी पद्धत आहे. या खेपेला तिथली पुस्तकं सांभाळणाऱ्या नागिसाने ही खुन्याची कादंबरी निवडली. फळ्यावर सगळ्यात तिखट लिहिणारी म्हणजे हिसाए कुसाका, हे गावात कुणीही सांगेल. ती मीच. आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं.

मत अर्धं गोड, अर्धं कडू लिहिलं. तपास करणारा पोलीस पानोपानी दारू ढोसतो आणि बायकोच्या आठवणीने रडत बसतो. त्याच्यापेक्षा मला खुनीच बरा वाटायला लागला. रक्ताचा तर नुसता चिखल केलाय. पण खुनी मात्र झकास जमलाय. तो एकट्या राहणाऱ्या बायका हेरतो, तेही बुटांवरून. आमच्याकडे एकटी बाई दारात पुरुषाचे बूट मांडून ठेवते, घरात माणूस आहे असं दिसावं म्हणून. हा खुनी काही ना काही निमित्त काढून दोन-तीनदा दारात येतो आणि बघतो, तर बूट गेल्या वेळी होते तिथेच. जागचे न हलणारे बूट, म्हणजे नवरा नाहीच. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला आणि मी ते प्रामाणिकपणे लिहूनही टाकलं. 'मी स्वतः असेच बूट ठेवते, म्हणून सांगते, हे अगदी खरं आहे.'

एक गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. खुनी घरात शिरलाय हे कळल्यावर त्यातली प्रत्येक बाई जागच्या जागी उभी राहते. ओरडत नाही, पळत नाही. मी लिहिलं, 'दार हाताशी असताना कोणती बाई अशी खांबासारखी उभी राहील? या लेखकाने कधी खरी बाई पाहिलेली दिसत नाही.'

मित्सुए ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिने ते मत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट माझ्या दारात.

"अगं बये, अक्कल गहाण टाकलीस का? मी एकटी राहते, दारातले बूट दिखाव्याचे आहेत, असं खाली नाव घालून लिहिलंस!"

"गावातल्या गावात तर आहे. कोण वाचतंय?"

"कुणी वाचत नाही तर लिहितेस कशाला?"

तिने ह्यांचे काळे बूट उचलून उलटे केले.

"तळ बघ, कोरडेठाक! हे बूट घालून कुणी पावसात गेलंय असं आंधळ्याला तरी वाटेल का? मोच्याकडून टाचा ठोकून आण, पॉलिश करून घे. आणि ते मत आधी काढ तिथून."

ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ते बूट तिथेच आहेत, दाराच्या आत पायरीखाली, तोंड दाराकडे करून. मी बाहेरून आले की वाकून माझे जोडे वळवते आणि त्याच हाताने ह्यांच्या बुटांच्या टाचा जुळवते. 'आले हो' असंही म्हणते. घरात कुणी नसतं, पण तोंडाला सवय आहे.

दुपारी बूट पिशवीत घालून स्टेशनजवळच्या मोच्याकडे टाकले. उद्या न्या म्हणाला. तिथून वाचनालयात गेले, तर फळ्यावर माझं मत नाही. टाचण्या तेवढ्या राहिलेल्या.

"कुसाकाबाई, तुमचा चाहता येऊन गेला!" नागिसाचा चेहरा नुसता फुलला होता. "इतके सभ्य गृहस्थ! तुमचं मत पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, मी हे नेऊ का? म्हटलं, न्या की. म्हणाले, बाईंना चांगली समज आहे, फक्त एके ठिकाणी चुकल्यात."

"कुठे चुकले?"

"ते नाही सांगितलं. प्रत्यक्ष भेटून सांगतो म्हणाले. तोफूवाल्याच्या मागचं घर ना, असं त्यांनीच विचारलं. मी आपली हो म्हटलं."

खरं म्हणजे मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण मला राग आला. चुकले? मी? पोलिसाबद्दल चुकले, की रक्ताबद्दल? अख्खी वाट मी त्या अनोळखी माणसाशी मनातल्या मनात भांडत आले. दिवेलागण झाली होती. तोफूवाला दुकानाच्या फळ्या लावत होता, तो काहीतरी बोलला, तेही मी धड ऐकलं नाही.

आमच्या गल्लीत दिवसा कुणी कुलूप लावत नाही. दार ढकललं. "आले हो," म्हटलं. वाकून माझे जोडे वळवले, ह्यांच्या बुटांच्या टाचा जुळवल्या. मित्सुएचं बोलणं कुठेतरी टोचत होतं, म्हणून आज कडी घातली, वर साखळीही अडकवली. हायसं वाटलं.

पायरी चढले आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला. तो तिथेच थांबला.

ह्यांचे बूट मोच्याकडे होते.

वळून बघायची गरज नव्हती. टाचा जुळवताना बोटं आत गेली होती आणि आतलं चामडं कोमट लागलं होतं. ते मला आत्ता कळत होतं.

दार हाताशी होतं. साखळी मीच लावलेली, मला काढता आली असती. हाक मारली असती तर तोफूवाला धावत आला असता. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. पण घशातून आवाज निघेना आणि पाय उचलेना. इतकी भीती मला उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आतल्या खोलीत घडी घातलेला कागद उलगडल्याचा आवाज झाला.

"बघा बाई," कुणीतरी अगदी सभ्यपणे म्हणालं, "उभ्याच राहिलात ना?"