तक्रारही दाराबाहेर

"काका, आधी मला फोन का नाही केलात?" रिसेप्शनमध्येच शमिकाचा आवाज चढला.

"अगं, मेल पाठवली होती ना टेंडरची," भास्कर काळे म्हणाले. "ती परत आली. त्यातच लिहिलं होतं, अडचण असल्यास पोस्टमास्टरला लिहा. लिहिलं. तेही परत आलं!"

न्युरेम्बर्गच्या या कंपनीची पोस्टमास्टर म्हणजे शमिकाच. इथल्या मेलची सगळी राखण तिच्याकडे. तक्रारीचा पत्ताही त्याच फिल्टरमागे अडकून पडलाय, हे तिला आज कळत होतं.

फिल्टर तिनेच आवळला होता. मागच्या हिवाळ्यात एक खोटं बिल आत सुटलं, कुणीतरी ते उघडलं आणि त्यातल्या व्हायरसने कारखाना बंद पडला. भर मीटिंगमध्ये तिला जाब विचारला गेला. तेव्हापासून संशयितांच्या यादीतल्या सर्व्हरची मेल दारातूनच परत जायची. भास्करकाकांनी काहीच केलं नव्हतं. त्यांच्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरशेजारचाच सर्व्हर घेतलेल्या कुणीतरी स्पॅम पाठवलं आणि शेजारपाजारची सगळीच नावं यादीत गेली.

"एखाद्या मोठ्या मेल कंपनीचा पत्ता घ्यायचात," ती बोलून गेली आणि तिला स्वतःचाच राग आला.

"का म्हणून? माझ्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज मी दुसऱ्याच्या हाती का देऊ? सर्व्हर नीट लावलाय मी. तपास हवं तर."

सकाळी काकांचा फोन आल्यावर तिने तो तपासला होता. खोट काढायला जागा नव्हती.

काका याच कंपनीत वीस वर्षं डिझाइनला होते. कपातीत गेले. मग हेर्त्सोगेनआउराखच्या घरातूनच स्वतःचं काम सुरू केलं. हे टेंडर मिळालं असतं तर त्यांचा जम बसला असता. मुदत काल संपली होती.

त्यांना बसवून ती खरेदी विभागात गेली.

"मेल वेळेत आली होती, आमच्या फिल्टरने अडवली," तिने सांगितलं.

"फ्रिस्ट म्हणजे फ्रिस्ट, मुदत ती मुदत," तिथल्या बाई म्हणाल्या. "एकाला मुदत वाढवून दिली, तर बाकीचे कोर्टात जातील."

तिचा बॉस रुपेशही मान हलवत राहिला. "हो, वाईट झालं. काकांचा सर्व्हर सोड आत, तक्रारीचा पत्ता उघड. पण फिल्टर सैल करू नकोस हं. पुन्हा कारखाना थांबला तर तुझ्यावरच येईल."

"आणि या अशा चांगल्या मेल अडतात, त्यांचं काय?"

"त्या कुणाला दिसत नाहीत गं."

तिने दणादण कीबोर्ड बडवत दोन्ही बदल केले. दोन मिनिटांचं काम होतं. ते महिन्यापूर्वी का सुचलं नाही?

ती खाली आली. तिचा चेहरा पाहूनच काका उठले.

"नाही ना?"

"नाही. पण यापुढे तुमची मेल येईल, काका. मी बघते."

"माझी येईल गं. माझी पुतणी आहेस, असंच समजतो मी. ज्यांचं इथे कुणी नाही, त्यांची?"

काकांनी कोटावरचा पाहुण्याचा बिल्ला काढून काउंटरवर ठेवला. तिथल्या नव्या मुलीने बाहेर जाण्याची नोंद करायला त्यांचं नाव विचारलं. तिला ते नीट ऐकू आलं नाही.

काकांनी चष्मा सारखा केला आणि शांतपणे, आडनावाचं एकेक अक्षर जर्मन उच्चारात सुटं करून सांगितलं, "का. आ. एल. ए."