असीरगडच्या रस्त्यावर माझा पाठलाग

मित्रांनो, मला उचलायला चार माणसे लागतात. पण एके काळी माझ्या अंगातून निघालेला उजेड कापसाच्या पेळूसारखा हलका असे, आणि त्या उजेडातून मोटारी धावत. मी सिनेमा दाखवणारा एक जुना प्रोजेक्टर आहे. माझी गोष्ट मोठी गमतीची आहे. बसून ऐका.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मी मुंबईला उतरलो, आगगाडीने पुढे आलो आणि शेवटचे सात कोस बैलगाडीतून हिंदकळत डोंगरापलीकडच्या एका छोट्या संस्थानात पोचलो. तिथल्या राजेसाहेबांना मोटारींचे वेड होते. संस्थानात मोटारी दोन, आणि पक्का रस्ता अवघा चार मैलांचा! सुसाट पळण्याची हौस ते बिचारे पडद्यावर भागवत. मला चालवण्यासाठी त्यांनी श्रीकांत नावाचा एक तरुण नेमला. तो मूळचा बुऱ्हाणपूरचा, सिंधीपुऱ्यातला. कमी बोलणारा आणि माझ्या काचा स्वतःच्या चष्म्याआधी पुसणारा.

राजेसाहेबांचे एक चित्र फार लाडके होते. त्यात एक भाऊ आपल्या बहिणीला जुन्या मोटारीतून लांबच्या गावी न्यायला निघतो. वाटेत नद्या, घाट, धर्मशाळा, आणि मागे लागलेली दरोडेखोरांची काळी मोटार. मी ते शंभरदा तरी दाखवले असेल. पण मित्रांनो, त्या दिवाणखान्यात मला कधी मजा आली नाही. मोजकी माणसे गाद्यांच्या खुर्च्यांवर बसत. राजेसाहेब हसले की हसत, गप्प झाले की गप्प होत. काळी मोटार दरीत कोसळली तरी कोणी 'अरे!' म्हणत नसे.

मग देश स्वतंत्र झाला. एकेक संस्थान विलीन होऊ लागले. आमची पाळी आली तेव्हा राजेसाहेबांनी श्रीकांतला बोलावले आणि म्हणाले, "श्रीकांत, हे यंत्र तुझ्या हाताला सवयीचं आहे. दुसऱ्याच्या हाती गेलं तर रडेल. तूच घेऊन जा. मोटारीच्या चित्राचे डबेही ने." त्यांनी स्वतःच्या हाताने तसे पत्र लिहून दिले.

अशा रीतीने मी बुऱ्हाणपूरला आलो. शनवारा वेशीजवळ कापसाच्या जिनिंगचे एक रिकामे गोदाम होते. श्रीकांतने खिडक्यांना गोणपाट लावले आणि त्याची पत्नी सुलभा, जी मुलींच्या शाळेत शिकवत असे, तिने चार पांढरी धोतरे जोडून पडदा शिवला. एका रविवारी दुपारी पहिला खेळ लागला.

काय सांगू तुम्हाला! पडद्यावर मोटार डावीकडे वळली की गोदामातले सगळे लोक डावीकडे झुकत. पुढे खड्डा दिसला की शंभर पाय एकदम ब्रेक दाबत. मोटार वाळूत रुतली तेव्हा पहिल्या चार रांगा उठून उभ्या राहिल्या आणि हवेतच ढकलू लागल्या. बहीणभाऊ झाडाखाली जेवायला बसले तर इकडे सतरंजीवरही फडकी सुटली आणि ठेच्याचा वास माझ्यापर्यंत आला. मी एकटाच प्रोजेक्टर, म्हणून प्रत्येक रीळ संपले की दिवे लावून दुसरे चढवावे लागे. तेवढ्या वेळात जे वाद होत, ते चित्रापेक्षाही रंगत.

त्यात दोन आवाज नेहमी वरचढ. एक कौतिकचा. तो केळीची लॉरी बहादरपुराहून स्टेशनवर नेई. "या चढावर असा गिअर टाकला तर इंजिन बंद पडंल ना भाऊ! हा डायव्हर कच्चा आहे," असे तो दर खेळाला म्हणे. दुसरा आवाज बहादरपूरच्या धुरपदाबाईचा. स्वतःची केळीची बाग सांभाळणारी, पन्नाशी उलटलेली बाई. जन्मात कधी मोटारीत बसलेली नव्हती, पण एकही रविवार चुकवत नसे.

"अरे मागं पाह्य, मागं! काळी गाडी येऊन राहिली!" ती पडद्याकडे बघून ओरडे.

"मावशी, त्याला ऐकू जात नाही," कौतिक हसे.

"तुला तरी कुठं जाते? मी केव्हाची सांगून राहिली, सरकून बस म्हणून."

मी एवढा जुना, तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवणारा. पण त्या माणसांमुळे मलाही वाटे, आज मोटार पोचेल की नाही कोणास ठाऊक!

असे एक वर्ष गेले. एके दिवशी सकाळी गोदामासमोर सरकारी ट्रक उभा राहिला. त्यातून एक साहेब उतरले. माणूस सभ्य होता, आवाज मऊ होता. पण हातात संस्थानच्या मालमत्तेची यादी होती, आणि तिच्यात मी होतो.

"हे यंत्र आता सरकारजमा व्हायला हवं," ते म्हणाले. "तुमच्याकडे काही लेखी आहे का?"

"राजेसाहेबांचं पत्र आहे," श्रीकांत म्हणाला. तो घरी धावला. सगळ्या पेट्या उलथ्यापालथ्या केल्या, पण पत्र सापडेना. सुलभा शाळेत गेली होती. साहेबांनी तासभर वाट पाहिली. शेवटी ते म्हणाले, "मला उजेड असेपर्यंत खंडव्याला पोचायचं आहे. पत्र सापडलं तर पाठवा."

 श्रीकांतने आपल्या अंगावरची चादर मला गुंडाळली, काचेपुढचा भाग तेवढा मोकळा ठेवला, आणि माणसांना म्हणाला, "हळू. पुढचा भाग नाजूक आहे." ट्रक निघाला तेव्हा तो दारात उभा होता. मी मागे तोंड करून ठेवलेला, म्हणून मला तो लहान लहान होत जाताना दिसला. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, हे बरे की वाईट, ते त्या दिवशी मला ठरवता आले नाही.

इकडे काय झाले ते मला नंतर कळले. सुलभा मधल्या सुट्टीत घरी आली आणि सगळे ऐकताच कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, पत्राला वाळवी लागू नये म्हणून मीच ते चित्राच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं! मला निरोप तरी पाठवायचा!" डबा उघडला, पत्र निघाले. दोघे पळत शनवाऱ्याला आले. तिथे कौतिकची लॉरी केळीने भरून उभी होती आणि धुरपदाबाई आपले घड मोजून घेत होती.

"कौतिकभाऊ, खंडव्याकडे, असीरच्या रस्त्याला ट्रक गेलाय. गाठता येईल?" सुलभाने विचारले.

"बाई, माल भरेल आहे. गाडी पळणार नाही," कौतिक म्हणाला.

"माल माझा आहे ना? मंग मी सांगते, चाल!" असे म्हणून धुरपदाबाई लुगडे सावरत पुढे चढून बसली. आयुष्यात पहिल्यांदा!

मला यातले काही ठाऊक नव्हते. वाटेत निंबोल्याला आमच्या ट्रकचे इंजिन तापले, म्हणून बराच वेळ थांबून त्यात पाणी भरून घेतले. पुन्हा निघालो तो मागे, खूप लांब, धुळीचा एक लोट दिसला. त्या लोटातून पिवळी-हिरवी लॉरी बाहेर आली. तिच्यावर केळीचे घड नाचत होते, आणि श्रीकांत टपाला धरून उभा, हातात कागद हलवत होता! आजवर मी दुसऱ्यांना पाठलाग दाखवला. आज मीच तो बघत होतो. 'पळ रे कौतिक!' मी मनात ओरडलो.

पण आमच्या ट्रकचा चालकही गडी हौशी. मागून कोणी शर्यत लावतो आहे असे त्याला वाटले आणि त्याने वेग वाढवला. लॉरी मागे पडली. वळण आले. लॉरी दिसेनाशी झाली. दुसरे वळण गेले, तिसरे गेले, रस्ता रिकामाच. समोर असीरगडचा डोंगर मोठा होत चालला असावा, कारण हवा गार लागू लागली. संपले, असे मला वाटले.

आणि एकदम करकचून ब्रेक लागले.

"उतरा जरा, साहेब!" हा आवाज धुरपदाबाईचा होता. ती रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी होती, हे मला नंतर कळले. तिचे माहेर त्याच बाजूचे. लहानपणी पायाखाली तुडवलेली गाडीवाट तिने कौतिकला दाखवली होती आणि डोंगराचा वळसा चुकवून ती मंडळी आमच्या पुढे निघाली होती. कौतिक तर लॉरी रस्त्यात आडवी लावायला निघाला होता. पण धुरपदाबाईने त्याला दटावले होते, "आडवी लावू नको. त्यायचं डोकं फुटलं तर? हात दाखवला की माणूस थांबते."

साहेब उतरले. सुलभाने पत्र पुढे केले. साहेबांनी ते वाचले आणि नकारार्थी मान हलवली.

"बाई, मोहोर संस्थानची आहे. आता संस्थानच उरलं नाही."

"उरलं नाही, हे खरं," सुलभा शांतपणे म्हणाली. "पण तारीख बघा. विलीन होण्याआधी अकरा दिवस. त्या दिवशी राजेसाहेब आपली वस्तू कुणालाही देऊ शकत होते. आणि त्यांनी ती दिली."

साहेबांनी तारीख पाहिली. यादी काढली, पुन्हा पत्र पाहिले.  मग त्यांनी खिशातले पेन काढले आणि यादीतले माझे नाव खोडून बाजूला सही केली.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते श्रीकांतला म्हणाले. "पण एक सांगा, असं कोणतं चित्र दाखवता तुम्ही, की एवढी माणसं एका यंत्रामागे धावत येतात?"

श्रीकांत तोवर ट्रकवर चढून माझी चादर सोडू लागला होता. उत्तर कौतिकने दिले. "साहेब, ते सांगून नाही समजत. पाहाच लागते."

मला लॉरीत केळीच्या पानांवर बसवून आणले. त्याच संध्याकाळी गोदाम गच्च भरले. खंडव्याचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकलून साहेबही आले. आधी खुर्ची मागून घेऊन ताठ बसले होते. तिसऱ्या रिळाला सतरंजीवर आले. घाटातल्या पाठलागाला त्यांची टोपी पडली ती त्यांना कळली नाही, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा आवाज त्यांचाच होता: "अरे, दाब! दाब!"

पुढची सहा-सात वर्षे माझी फार सुखाची गेली. नवी नवी चित्रे आली. समुद्रकाठचे रस्ते, बर्फाचे घाट, पुलावरून उडणाऱ्या मोटारी मी तापीकाठच्या लोकांना दाखवल्या. राज्यांची फेररचना झाली. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, नागपूरकडचे सोयरे वेगळ्या राज्यातले झाले. तरी सुट्टीत ते आले की इथल्या नातलगांबरोबर मांडीला मांडी लावून बसत आणि एकाच वळणाला एकाच बाजूला झुकत.

मग गावात मोठे चित्रपटगृह झाले. तिथे एकाशेजारी एक दोन प्रोजेक्टर होते. रीळ बदलायला थांबावे लागत नसे. श्रीकांतला तिथे नोकरी मिळाली. मला त्याचे वाईट वाटले नाही. त्याचे हात चालू राहिले, हे चांगलेच झाले. मी सिंधीपुऱ्यातल्या घरात जिन्याखाली गेलो. आधी माझ्यावर चादर होती, मग चादरीवर धूळ, मग धुळीवर पापडांचे डबे. श्रीकांत गेला, सुलभा गेली. माझ्या पोटात एका उंदराने दोनदा संसार थाटला.

गेल्या वर्षी घर रंगवायला काढले तेव्हा भंगारवाला आला. त्याने मला ठोकून पाहिले आणि म्हणाला, "लोहा है, चलेगा." श्रीकांतची मुलगी शोभा, आता ती स्वतःच आजी झाली आहे, "थांबा जरा," म्हणाली. खाली बसली. मऊ फडक्याने तिने माझी काच पुसली, दातेरी चाकांत तेलाचे चार थेंब सोडले आणि बाजूची मूठ धरून हळूच फिरवली.

किती वर्षांनी! आधी अंग कुरकुरले. मग एक चाक हलले, दुसरे हलले, आणि माझी सगळी चाके एकमेकांना ओळखत गरगर फिरू लागली. शोभा हसली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "हा नाही द्यायचा." तो बिचारा वजनकाटा बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसला. "दीदी, मैं भी एक बार घुमाऊं?" असे त्याने विचारले, आणि बराच वेळ फिरवत राहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरात जिन्याखाली, माळ्यावर काहीतरी गप्प पडलेले असेल. ते बिघडलेच आहे असे बघताक्षणी ठरवू नका. आधी धूळ पुसा, थोडे तेल द्या. आणि फेकण्यापूर्वी एकदा, एकदाच, हाताने फिरवून बघा.