गेज आणायला करवत निघाली

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचाही बसायला चार दिवस लागले, आणि मी तर तिथे जातीनं हजर होतो. पण गेज आणायला मी हत्यारांच्या दुकानात गेलो, तेव्हा माझी करवत माझ्या पुढे चालत होती आणि मी तिच्या मागून धापा टाकत पळत होतो.

हे मी सांगत होतो ते गणिताच्या बाईंना, माझ्या लेकीच्या पार्लरमध्ये. बाई आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काळं कापड, डोक्याला रंग फासलेला, आणि चष्मा काढून फळीवर ठेवलेला. चष्म्याशिवाय बाईंना स्वतःचा हातही धूसर दिसतो. अख्ख्या आयुष्यात मला असा श्रोता मिळाला नव्हता.

"रंग चढायला अर्धा तास," लेक म्हणाली. "बाबा, तेवढ्यात आटपा. आणि बाई, हे जे सांगतील त्यातून निम्मं वजा करा."

"निम्म्यानं भागेल?" बाईंनी विचारलं.

मी तिकडे लक्षच दिलं नाही. गोष्ट होती समोरच्याच आरशाची. आठ बाजूंचा आरसा, त्याला आठ बाजूंची सागवानी चौकट. पार्लर गुरुवारी उघडायचं होतं. काच आधीच कापून आली होती, आणि सोमवारी सकाळी लेक माझ्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, चौकट तुमच्याच हातची हवी. पण जोडात फट चालायची नाही. फटीत केस जाऊन बसतात, आणि ते पिनेनं टोकरून काढायला मला वेळ नाही."

"फट? माझ्या कामात?" मी म्हटलं, आणि तिथेच फसलो.

माझी टेबल करवत घडीची आहे. पाय दुमडतात, खाली दोन चाकं, कुठेही ढकलत न्यावी. पात्याशेजारी तिच्या पाटावर एक लांब खाच आहे. त्या खाचेत पट्टी सरकते, पट्टीवर एक डोकं असतं, डोक्याला हवा तो कोन द्यायचा आणि लाकूड त्याला टेकवून पात्यावर ढकलायचं. याला मायटर गेज म्हणतात. मशिनबरोबर जे फुकट आलं होतं, ते पडायला आलेल्या दातासारखं होतं. खाचेत धरलं की डावीकडे हले, सोडलं की उजवीकडे.

"आठ तुकडे, प्रत्येकाची दोन टोकं," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "सोळा काप. प्रत्येक काप साडेबावीस अंशांचा. त्यात दर कापाला पाव अंश जरी चुकला, तरी शेवटी चार अंशांचा घोटाळा."

"बाई, हे तुम्ही मला सोमवारी का नाही सांगितलंत?"

कारण सोमवारी अगदी तेच झालं. सात जोड असे बसले की मी शीळ घालायला लागलो. आठवा मिटेना. मी दाबला तर तिसरा उघडला, तिसरा दाबला तर सहावा. शेवटी आठव्या जोडात एवढी फट राहिली की शेजारचं मांजर त्यातून आरपार गेलं. आणि जाडजूड मांजर बरं का, पोटुशी होतं.

नेमके तेव्हाच जावईबापू आले. माणूस सोन्यासारखा, खोड एकच. जगातल्या प्रत्येक अडचणीवरचा उपाय त्यांच्या गाडीच्या डिकीत असतो.

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते अगदी हळुवार म्हणाले. "मी एक आणून ठेवलीय. तयार."

डिकी उघडली. आत प्लास्टिकची चौकट. सोनेरी. तिच्यावर वेली, वेलींवर पक्षी, आणि एका पक्ष्याला डोळाच नाही. मी पन्नास वर्षं लाकडाशी झटलो, आणि माझ्या लेकीच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई त्या आंधळ्या पक्ष्याकडे बघत बसणार!

लेकीनं निकाल दिला. "बुधवारी संध्याकाळी मी प्रत्येक जोडात केस घालून बघणार. एका जरी जोडात शिरला, तर डिकी उघडायची. रुसायचं नाही."

मंगळवारी मी नवीन गेज आणायला निघालो. आधी खाचेचं माप घ्यायला गेलो, तर टेप एक सांगतो, मोजपट्टी भलतंच सांगते. या घडीच्या मशिनींच्या खाचा मोठ्या मशिनींसारख्या नसतात. कुठे केसभर अरुंद, कुठे उथळ. म्हटलं, माप न्यायचंच कशाला? मशिनच नेऊ. ती स्वतःबद्दल खोटं बोलणार नाही.

"घरात एकाला तरी ती सवय हवीच," लेक म्हणाली.

दुकान दोन मैलांवर, आणि सगळा उतार. पहिल्या वळणावर मशिन माझ्या हातून सुटली. मी पाळणाघरापाशी तिला गाठलं तेव्हा एक आजीबाई तिच्यावर वाकून आतलं बाळ शोधत होत्या.

"किती महिन्यांचं?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षांचं," मी म्हटलं. "चोवीस दात आलेत."

आजीबाई दोन पावलं मागे सरल्या. त्यांच्या पिशवीतली केळी अजून तिथेच पडली असतील.

"किती केळी?" बाईंनी विचारलं.

"डझनभर."

"सहा धरते."

दुकानदारानं मशिन दारातून आत घेतली आणि गिऱ्हाईक समजून तिला खुर्ची दिली. मग गेज काढायला लागला. पहिल्या गेजचं डोकं प्लास्टिकचं होतं. मी ते खिडकीतल्या उन्हात धरलं, तर पंचेचाळीसचा कोन बघता बघता पन्नास झाला. मी ते गुपचूप परत ठेवलं.

दुसरं म्हणजे थाटच! डोक्याला हातभर लांब आडवी पट्टी, लाल मुठी, चकचकीत आकडे, वर भिंग. "सगळे मोठे मिस्त्री हेच नेतात," दुकानदार म्हणाला. मी ते खाचेत घालायला गेलो, तर जाईना.

"कानस मारा थोडी," तो म्हणाला.

"नव्या गेजला? उद्या म्हणशील, जोडा लहान पडला तर पाय तास."

त्यानं मागून खाचेत जाणारी बारीक पट्टी आणून लावली. आता गेज बसलं. पण माझ्या मशिनचा पाट एवढासा, पात्याच्या पुढे जेमतेम वीतभर जागा. रुंद फळी कापायची म्हणून मी गेज मागे ओढलं, तशी निम्मी पट्टी खाचेच्या बाहेर आली, आणि ते अवजड डोकं खाली वाकलं. वाकलं ते वाकलं, त्यानं मशिनच मागून उचलली. दुकानदार तिला धरायला धावला, तिच्यावर आडवा पडला आणि पलीकडे खिळ्यांच्या पेटीत उतरला.

"खिळे कोणते?" बाई.

"सुदैवानं बिनडोक्याचे."

"म्हणजे जास्तच टोचले असतील." बाईंना पटलेलं दिसलं नाही, पण चष्मा फळीवरच होता, म्हणून मला धीर होता.

तिसरं गेज सगळ्यात वरच्या फळीवर धुळीत पडलं होतं. ना लाल मूठ, ना भिंग. "हे कुणी नेत नाही, काका," दुकानदार पाठीतून खिळा उपटत म्हणाला. "दिसायला गरीब आहे."

"मीही तसाच आहे," मी म्हटलं. "दाखव."

पट्टी बेताची, डोकं हलकं, आणि पट्टीच्या कडेला चार चिमुकले स्क्रू. किल्लीनं जरा फिरवले की ते बाहेर येतात आणि खाचेच्या भिंतीला टेकतात. मी पहिला फिरवला, पट्टी सरकवून पाहिली, दुसरा फिरवला, पुन्हा सरकवली. शेवटी असं झालं की पट्टी मागेपुढे लोण्यासारखी जाई, आणि बाजूला ढकलली तर भिंत ढकलल्यासारखी. साडेबावीसवर डोकं आपोआप टक्कन थांबे. त्या टक्कन आवाजानंच मी ते विकत घेतलं.

घरी येताना सगळा चढ होता. ते मी सांगत नाही, त्यात मजा नाही.

मात्र त्या टक्कन आवाजावर मी डोळे मिटून भरवसा ठेवला नाही. आधी भंगार फळीचे आठ तुकडे कापले आणि जमिनीवर जुळवले. आठवा जोड दार लावावं तसा मिटला. मग सागवान घेतलं. आणि बाई, त्या सोळा कापांनंतर जे झालं, ते मी देवाशप्पथ सांगतो.

"शपथ नको, बाबा," लेक म्हणाली. "आपलं नुसतंच सांगा."

आठ तुकडे मी नुसते जुळवून बघितले, सरस लावायच्या आधी. मग सरस लावायला म्हणून सोडवायला गेलो, तर सुटेनात! मी एका बाजूनं, जावईबापू दुसऱ्या बाजूनं. त्यांच्या शर्टाची तीन बटणं उडाली, पण जोड हलला नाही. म्हटलं, राहू दे. म्हणून आज या चौकटीत सरसाचा थेंब नाही. एक मुंगी चौकटीवर चढली होती, फट शोधत. तिला चौकट कुठे संपते तेच कळेना. गुरुवारपर्यंत ती गोल गोल फिरत होती.

बुधवारी संध्याकाळी लेक आली. तिनं लांब केस घालून पाहिला, आखूड घालून पाहिला, स्वतःचा उपटून पाहिला. एक, दोन, तीन, चार. शिरेना. आठव्या जोडापाशी ती जरा जास्त वेळ वाकली होती. डिकीची किल्ली हातात धरून जावईबापू दारात उभे. मला माझ्या छातीतले ठोके ऐकू येत होते. आणि हे मात्र खरं आहे, बाई.

मग ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "हातोडी आण. आरसा लावायचाय."

प्लास्टिकची चौकट आता मागच्या खोलीत आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात. त्या पक्ष्याचं पहिल्यांदाच कुणालातरी काही काम पडलं.

अर्धा तास झाला होता. लेकीनं बाईंचं डोकं धुतलं, पुसलं, खुर्ची वर घेतली. मी मात्र रंगात आलो होतो. "असं गेज पुन्हा होणे नाही," मी म्हणत होतो. "सरसाचा थेंब नाही, केसाला जागा नाही!"

तेवढ्यात बाईंनी फळीवरून चष्मा उचलला, काचा कापडाला पुसल्या आणि नाकावर चढवला.

"मिस्त्री, आठवा जोड कुठला?"

"खालचा. उजवीकडचा," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच जीभ चावली.

बाई पुढे वाकल्या. शेपटीच्या कंगव्याचं टोक त्यांनी जोडावरून हळूच फिरवलं. "इथे केस आहे."

"पार्लर आहे, बाई. उडून चिकटला असेल."

बाईंनी तो चिमटीत धरून ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. मी आरशात पाहिलं, तर लेक हसू दाबत कात्री पुसत होती आणि तिला मुळीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"मिस्त्री," बाई वर्गात विचारायच्या तसं, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थेंबभर सरस नाही, तर हा केस कशात रुतलाय? आणि हा पांढरा आहे. या खोलीत न रंगवलेला पांढरा केस एकाच डोक्यावर आहे!"