इंजिनावर बटाट्याचं पीठ

गळक्या गाडीच्या मालकिणीला खोटं बोलता येत नाही. मी सकाळी कुठे होते हे गावाला दुपारच्या आत कळायचं. चर्चच्या अंगणात एक काळा थेंब, सहकारी दुकानापुढे एक, आणि शिवणमंडळाच्या दारात दोन, कारण तिथे कॉफी लवकर संपत नाही. माझ्या सुनेने, सातूने, अंगणात नव्या फरश्या घातल्यापासून तर मला गाडी रस्त्यावरच लावावी लागे. स्वतःच्या गुडघ्यांना जपत नाही इतकी ती त्या फरश्यांना जपते.

हे मी सोसलं असतं. पण शुक्रवारी गाडीचं पासिंग होतं, आणि मागल्या वर्षी तपासणाऱ्याने कागदावर लिहूनच दिलं होतं: तेल गळतंय, पुढच्या वेळी नापास.

रविवारी माझा मुलगा एस्को गाडीखाली डोकावला. तो खिडक्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरपुढे बसतो, त्यामुळे त्याला सगळंच कळतं.

"आई, इंजिनाचं मागचं सील गेलंय," तो कपडे झटकत म्हणाला. "इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतील. गाडीच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त."

"मग?"

"मग काय, भंगारात. तू आता चौऱ्याहत्तरची झालीस. कुठे जायचं असलं की नुसतं सांग, आम्ही सोडू."

सांग म्हणे! दहाव्या वर्षी मी ट्रॅक्टर हाकत होते. पाय पुरावा म्हणून बापाने क्लचवर लाकडाचा ठोकळा बांधून दिला होता. आणि आता अर्धा किलो कॉफीसाठी मी मुलाच्या तोंडाकडे बघत बसू? आमच्या ह्या उघड्या माळावर ज्याच्याकडे गाडी नाही ते माणूस म्हणजे खुर्चीतली उशी. कोणी उचललं तरच हलणार.

"आणि शुक्रवारी पास झाली तर?" मी विचारलं.

"झाली तर ठेव. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"अगदी बापासारखं बोललास. तोही कधी शब्द पाळत नसे."

सोमवारी भल्या सकाळी मी गाडी गोठ्यात घेतली. गाई विकल्यापासून तिथे जागाच जागा आहे. तेल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वारा ते मागे ढकलतो. जिथे थेंब पडतो तिथेच भोक असतं असं फक्त ऑफिसातली माणसं मानतात. मी तेलकटपणा काढायचं औषध मारून ब्रशने सगळं इंजिन घासलं, फडक्याने कोरडं केलं. मग बेरींचं गोड सार दाट करायला ठेवलेलं बटाट्याचं पीठ घेतलं आणि चहाच्या गाळणीने वरपासून खालपर्यंत भुरभुरवलं. इंजिन असं दिसायला लागलं, जणू नाताळचा केक. पंधरा मिनिटं चालू ठेवलं.

आणि दिसलं! इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, त्याच्या मागच्या कोपऱ्यातून एक तपकिरी रेघ निघाली आणि पाठीवरून ओघळत थेट एस्कोच्या त्या सीलपाशी पोचली.

गार झाल्यावर झाकण उघडलं. खालचं रबराचं पॅकिंग त्या कोपऱ्यात चेंगरून फाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे जरासा ओलावा दिसला होता. तेव्हा पान्याला लोखंडी नळी लावून, सगळा जोर काढून ते बोल्ट आवळणारं माणूस मला चांगलंच माहीत होतं. नवऱ्यावर ढकलायला माझी हरकत नव्हती, पण तो जाऊन बारा वर्षं झाली.

नवं पॅकिंग शहरात, चौदा किलोमीटरवर. आणि गाडीचं डोकं उघडं. म्हणून मी ट्रॅक्टर काढला.

माझ्यामागे सात गाड्यांची रांग लागली. सातवी सातूची होती, औषधाच्या दुकानात कामाला निघालेली. सुट्या भागांच्या दुकानापुढे तिने मला गाठलं.

"आई! ट्रॅक्टर घेऊन? मला फोन करायचा ना!"

"मला उशीर झालेला नव्हता. तुला झालाय."

माझ्या हातातलं फाटकं पॅकिंग बघताच तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता एस्कोला फोन लावेल. पण ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "दुरुस्त होईल?"

"न व्हायला काय झालं?"

"कराच, आई. एस्को 'आम्ही सोडू' म्हणतो ना, त्यातला 'आम्ही' मी असते. शिवणमंडळ, चर्च, केस कापणं, मामंजींच्या थडग्यावरची फुलं... मला नोकरी आहे हो!"

इतक्या वर्षांत सुनेने माझ्या मनातलं पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर ती एस्कोच्या पेटीतला पाना घेऊन गोठ्यात आली. नेमलेला जोर झाला की टक् करतो, तसला. जुनं पॅकिंग तिने उजेडात धरलं.

"अगंबाई, हे आवळलं कोणी? बैल होता का?"

"बैलच होता. ती कड पूस आधी."

आम्ही दोन्ही कडा आरशासारख्या पुसल्या, पॅकिंग बसवलं, झाकण ठेवलं. मधल्या बोल्टपासून सुरुवात, मग आलटून पालटून बाहेरच्या बाजूला. टक्. टक्. माझे हात शिवशिवत होते.

"अजून अर्धा फेरा," मी म्हणाले.

"नाही आई. टक् झालं."

"त्या टक्ला काय कळतंय? मी हातानं ओळखते."

"त्याच हातानं तर..." ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग जुन्या पॅकिंगकडे. ओठ चावून हसू दाबलं. मी पाना खाली ठेवला.

पुन्हा पीठ, पुन्हा पंधरा मिनिटं. पांढरं ते पांढरंच राहिलं.

शुक्रवारी तपासणारा बॅटरी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. बाकावर मला फुकटची कॉफी दिली होती, ती तशीच ठेवून मी खड्ड्यात वाकून बघत होते. तो वर आला, हात पुसले.

"कोरडी ठणठणीत. कुठल्या गॅरेजला दिली होतीत?"

"गोठ्यात."

त्याने शिक्का मारला.

संध्याकाळी एस्कोने तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे सील नव्हतं?"

"झाकण होतं."

"झाकण का गळेल?"

सातू खिडकीबाहेर बघत कॉफी ढवळत होती. साखर ती घेत नाही. रबर जुनं झालं असं सांगितलं असतं तर कोण बघायला येणार होतं? पण तिने चार दिवस गप्प राहून दाखवलं होतं, आणि सुनेच्या उपकाराखाली राहायची मला सवय नाही.

"मी जास्त आवळलं होतं," मी म्हणाले.

एस्कोने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मी तो उडवून लावला. मग तो इतका हसला की वेलदोड्याच्या पावाचा तुकडा घशात अडकला आणि सातूला पाठीत गुद्दे घालावे लागले. दोन घातले असते तरी चाललं असतं, तिने सहा घातले.

"ठेव बाई गाडी," दम खात तो म्हणाला.

शनिवारी सकाळी मी समुद्रकाठी बहिणीकडे निघाले, नव्वद किलोमीटर. सातू शेजारी बसली होती, बूट काढून, पाय समोरच्या फळीवर टाकून. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "आई, आज नको, परत उद्याच येऊ."