भासऱ्याच्या मागं

"सारं गाव मोटारीनं चाललं महादेवाले. आपणच पायी मरायचं काहून गा?" तुरीच्या पेंढ्या झोडपता झोडपता सिंधूताई भावावर खेकसली.

"गिरिधर पायी येईन बोलला होता देवाले. मोटारीचं तिकीट काढीन नव्हता बोलला," धोंडबा म्हणाला.

"अन् वाट? त्या वाटेनं आता कुत्रं बी नाही जात."

"चौदा खेपा केल्या म्या. माह्या पायाले पाठ हाय ते."

खळ्याच्या कडेला उत्तरा तूर पाखडत बसली होती. पदर छातीपर्यंत ओढलेला. धोंडबा तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढं तोंड उघडायचं नाही, त्याला शिवायचं नाही, ही घरची रीत. बावीस वर्षं एका आंगणात काढली, पण भासऱ्याचा चेहरा तिनं नीट पाहिला नव्हता. काही सांगायचं झालं तर ती सिंधूताईला सांगे, सिंधूताई त्याला.

नवस उत्तराच्या नवऱ्याचा, गिरिधरचा होता. पोरगी सुमती तापानं फणफणली तेव्हा तो बोलला होता, 'पोरगी वाचू दे, पचमढीच्या पहाडावर पायी येऊन त्रिशूल चढवीन.' पोरगी वाचली. गिरिधर मात्र यंदा नाही पुढच्या साली करत राहिला, आणि एका पावसाळ्यात भरली बैलबंडी अंगावर उलटून गेला. लोहाराकडून घडवून आणलेला त्रिशूल दाराआड गंजत राहिला. पुढं सुमतीचं लग्न झालं. दोन लेकरं झाली, दोन्ही पोटातच मेलेली. आता तिसऱ्यांदा चौथा महिना लागला होता. जो येई तो म्हणे, "बापाचा नवस फेडा आधी."

शिवरात्रीला आठ दिवस असताना तिघं निघाली. पुढं धोंडबा, मधात सिंधूताई, मागं त्रिशूल खांद्यावर घेतलेली उत्तरा. पारशिवनी गाव मागं पडलं, जंगल लागलं. पळस पेटल्यासारखा फुलला होता आणि खाली पाचोळा असा वाळलेला, की पाय टाकला की आवाज रानभर जाई. पहिल्या मुक्कामाचं घर बंद होतं. दुसऱ्या ठिकाणी एका म्हातारीनं पाणी दिलं आणि विचारलं, "इकडून कुठं जी? इकडून आता कोणी नाही जात."

"महादेवाले," धोंडबा म्हणाला.

तिघं दिसेनाशी होईपर्यंत म्हातारी दारात उभी राहिली.

वाटेनं धोंडबा सारखं विचारे, "सिंधे, डाव्या हाताले मोठा मोह दिसते काय? दगडाले शेंदूर हाय काय?" सिंधूताई सांगे, की तो वळे. उत्तराला वाटे, म्हातारा जुन्या खुणा आठवून मन रमवतो आहे.

तिसऱ्या दिवशी सिंधूताईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. चौथ्या दिवशी पाय पोटरीपर्यंत सुजला, अंगात ताप भरला. जंगलखात्याच्या सडकेवर बांबूचा ट्रक भेटला, त्यात तिला बसवलं.

"तिले विचार, परत जाते का येते," धोंडबा झाडाकडं तोंड करून म्हणाला.

"तूच सांग वं आता," सिंधूताई उत्तराकडं पाहून कण्हली. "मी काही नाही राहत मधात."

सुमतीचं पोट उत्तराच्या डोळ्यांपुढं आलं. "मी येते जी," ती म्हणाली. भासऱ्याशी बोललेला तो तिचा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गाव लागलं. धोंडबा पहिल्या, दर खेपेच्या मुक्कामाच्या घरापुढं थांबला, पागोटं सारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "राम राम गा गणपतराव! महादेवाचे आलो!"

उत्तरा जागीच खिळली. घराला छप्पर नव्हतं. दारं, चौकटी, आडे, सगळं उपटून नेलेलं. भिंतींमध्ये गवत उगवलं होतं. पलीकडची घरंही तशीच. आंगणात एकटं तुळशीचं वृंदावन उभं होतं.

"गणपतराव!"

"इथं कोणी नाही जी."

"लाकडाले गेले असतील."

तेव्हा तिनं पदर वर केला आणि भासऱ्याच्या तोंडाकडं सरळ पाहिलं. दोन्ही डोळ्यांत दुधाची साय धरल्यासारखं पांढरं होतं. पाच दिवस ती आंधळ्याच्या मागं चालत होती.

"भाऊजी, तुमाले दिसत नाही."

"उजेड दिसते," तो चिडून म्हणाला. "वाट पायाले दिसते. चाल. पुढं उतार, मंग ओढा. घोट्याइतकं पाणी. त्याच्यापल्याड कुंभारटोला. तिथं जेवू."

तो झपाझप उतरू लागला. काठी पुढं, छाती ताठ. उत्तरा मागं धावली. झाडी संपली आणि समोर पाणीच पाणी आलं. ओढा नव्हताच. पहाडापासून पहाडापर्यंत धरणाचं पाणी, हिरवं, हलतही नसलेलं. मधात चिंचेचा वाळका शेंडा वर निघालेला, त्यावर काळे पाणकावळे ओळीनं बसलेले.

"भाऊजी, थांबा!"

"ओढाच हाय," तो म्हणाला आणि पाण्यात शिरला. गुडघा. कंबर. पुढचं पाऊल टाकलं आणि खाली जमीन नव्हती. पागोटं तेवढं वर तरंगलं.

उत्तरा त्रिशुलासकट पाण्यात उतरली. एका हातानं त्याची अंगातली बंडी धरली, ती फाटली. तो तिला खाली ओढू लागला. तिनं त्रिशूल सोडला. दोन्ही हातांनी भासऱ्याला काखेत धरलं आणि मागं ओढत, गाळात पाय रोवत काठावर आणून टाकलं.

तोंडातलं पाणी थुंकून तो म्हणाला, "काय हाय समोर?"

"पाणी."

"अन् कुंभारटोला?"

"पाण्यात हाय जी."

मग चाचपत त्यानं विचारलं, "तिरसूल?"

तिनं आपले रिकामे हात त्याच्या हातात दिले. त्याला कळलं. "मले काहून काढलं वं?" म्हणून तो लहान लेकरासारखा रडू लागला.

परतीच्या वाटेत सहा दिवस तिनं त्याचं मनगट सोडलं नाही. डोक्यावरचा पदर केव्हा गळाला ते तिला कळलं नाही. गावाच्या शिवेवर धोंडबा थांबला. "माह्या डोळ्याचं सांगू नको. तिरसुलाचंही नको. पोरगी भिऊन मरंल." तिनं पदर घेतला आणि पुन्हा दहा पावलं मागं झाली. मोटारीनं गेलेले अजून यायचे होते. नवस फेडून आले समजून लोकांनी पाया पडून घेतलं.

ते पाच महिने तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. अंगाला सतत गाळाचा वास येतो असं वाटे. श्रावणात सुमती मोकळी झाली. पोरगी झाली आणि पहिल्या क्षणालाच रडली.

बाराव्या दिवशी उत्तरा पोरीच्या सासरी गेली. सुमतीच्या सासूनं, कौसल्याबाईनं, पाट मांडला, ओटी भरली. "इहीनबाई, तुमच्या तिरसुलानं वाचवलं," ती म्हणाली. "म्या बी बोलली देवाले. पोरगी वर्साची झाली का तिले खांद्यावर घेऊन मी पायी येते. तुमच्याच वाटेनं. वाट तुमीच दाखवायची."

उत्तरानं ओटी बाजूला ठेवली. "त्या वाटेनं नका जाऊ इहीनबाई. तिथं पाणी हाय."

"असू द्या ना," कौसल्याबाई हसली. "तुमी नाही आल्या काय जाऊन?"

उत्तराच्या मांडीवरची पोरगी जागी झाली होती. तिनं पोरीचे दोन्ही पाय मुठीत धरले, आणि कौसल्याबाईनं उचलून घ्यायला हात पुढं केले तरी सोडले नाहीत.