बॉनेटखालचा परका

मी एक जुनी जीप बोलतेय. आधीच सांगून टाकते, माझ्या बॉनेटखाली आज इंजिन नाही. तिथे रिकामी जागा आहे आणि तिच्यात माझ्या आताच्या मालकिणीच्या, मनालीच्या, कोंबडीने अंडी घातली आहेत. मग बोलतंय कोण, असं तुम्ही विचाराल. मलाही ते परवापर्यंत कळत नव्हतं.

माझं सगळं आयुष्य पावसला गेलं. मनालीचे वडील राजाराम माझे मालक. आंब्याच्या पेट्या, नारळ, शेणखत, लग्नाचं वऱ्हाड, मी काय काय वाहिलं ते विचारू नका. राजाराम कुणाला नाही म्हणायचा नाही, त्यामुळे मलाही कधी म्हणता आलं नाही. संध्याकाळी घराच्या उतारावर आलो की माझं इंजिन दोनदा खोकायचं. तो खोकला ऐकला की लहानगी मनाली पाण्याचा तांब्या घेऊन घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहायची. राजाराम पाय धुवायचा आणि मगच घरात जायचा.

राजाराम आजारपणात गेला. त्याच पावसाळ्यात माझं इंजिनही गेलं, पार तडकलं. मनाली तोवर दापोलीला शेतीचं शिकून आली होती आणि कलमांची नर्सरी चालवत होती. गाव म्हणालं, जीप भंगारात दे. ती म्हणाली, "उतारावरचा तो आवाज मला परत हवा. बाबा आल्यासारखे वाटतात." माणसं फोटो जपतात, कपडे जपतात. हिला आवाज जपायचा होता. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं.

राकेश मिस्त्रीने कुठूनतरी एक जुनं इंजिन आणलं. "मासळीच्या टेम्पोचं आहे, ताई. खाडीत पडला होता तो. पण मी सगळं उघडून धुतलंय."

"बसेल ना आपल्या जीपला?"

"बसवू की! न बसायला काय झालं?"

बसवलं त्याने, पण माझे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. इंजिनाचे पाय माझ्या चासीवर येईनात, म्हणून जुने कापून नवे वेल्ड केले. गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून मध्ये जाड प्लेट घातली. प्लेट घातली तर इंजिन पुढे सरकलं आणि पंखा रेडिएटरला घासू लागला. उष्णता दाखवणारा काटा तर त्याच्याशी बोलेचना. गाडी कितीही तापो, काटा थंडच. सगळ्यात वाईट म्हणजे चावी. चावी बंद केली तरी ते चालूच राहायचं. शेवटी ते थांबवायला राकेशने ओढायची वेगळी तार बसवली. चावी माझी होती, पण पाहुणा तिला मानत नव्हता.

पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा मनाली डोळे मिटून ऐकत उभी होती. आवाज खोल होता, पाण्याखालून आल्यासारखा.

"हा बाबांचा नाही," ती म्हणाली. पण आता करणार काय?

गाडी रस्त्यावर काढायची तर देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. गावात गाऱ्हाणी घालणाऱ्या धोंडूकाकाला बोलावलं. त्याने माझ्यापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि नेहमीच्या चालीत सुरू केलं. "बा देवा महाराजा, ही राजारामाची गाडी आज बाहेर पडते हाय. हिच्यात जो कोन असंल त्याला सुखरूप त्याच्या घरी पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

गाऱ्हाण्यात खरं ते सगळं सांगायचं असतं. कोण, कुठला, कुणाचा, सगळं. राजाराम आता या जगात नाही, पण काकाच्या जिभेला त्याच्या नावाची सवय होती. आणि इंजिन बाहेरून आणलंय, बुडालेल्या टेम्पोचं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धी हकिगत घेऊन देव कामाला लागला.

नंतर एकेक गोष्टी होऊ लागल्या. राकेशने रेडिएटरचं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी बोट बुडवून चाटून पाहिलं तर खारट. पुन्हा बदललं, पुन्हा खारट. तो म्हणाला, कुठेतरी जुनं मीठ अडकलं असेल. माझ्या पोटात बसून कुणीतरी वाट पाहतंय हे मी कुणाला सांगणार होते?

मग दापोलीला कलमं पोचवायची वेळ आली. मनाली मला घेऊन निघाली. धोपाव्याला फेरीबोटीवर चढलो, तिने तार ओढून इंजिन बंद केलं. खाडीच्या मध्यावर ते बंद इंजिन थरथरायला लागलं. मागची कलमं हलू लागली. वारा मुळीच नव्हता.

दाभोळला उतरलो. दापोलीच्या चढाला लागलो की ते धापा टाकायचं, मागे यायचं. डावीकडच्या गल्लीकडे तोंड केलं की कसं लोण्यासारखं चालायचं! गल्लीत कुणी मिस्त्री भेटेल म्हणून मनाली तिकडे वळली. मीही वळले. खरं सांगते, मला वळायचं नव्हतं. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि तो काटा अजून थंडच होता.

एका घरापुढे इंजिन हळू झालं. दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"आलास रे लवू? किती येळ लावलास, बाबा!"

मनालीने तांब्याकडे पाहिलं. "आजी, मी पावसची. तुमचा लवू नाही हो यात."

"आवाज वळखते मी गो," म्हातारी म्हणाली. तिचं नाव सावित्री. तिचा मुलगा टेम्पोसकट खाडीत गेला होता. टेम्पो निघाला, लवू सापडला नाही. भाऊबंद म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. ती म्हणाली होती, गवताला माझा पोरगा कसा म्हणू? तेव्हापासून रोज त्याचं पान वाढत होती.

मनालीने तार ओढली. इंजिन थांबेना. चावी काढली, तरी थांबेना. सावित्रीने माझ्या चाकांवर पाणी ओतलं, बॉनेटवरून भाकरी ओवाळून लांब टाकली आणि तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला. हात भाजला असेल, पण तिने काढला नाही.

"पोचलास हां, बाबा. आता बस."

ते थांबलं. मग बॉनेटखालून पाणी गळू लागलं, कितीतरी वेळ. सावित्री पायरीवर बसली आणि रडली. शेजारणीला म्हणाली, "दिराला सांग, आता काय करायचा ता करा."

ते इंजिन पुन्हा सुरू झालं नाही. राकेशने दाभोळला येऊन पाहिलं, त्याला दोष सापडला नाही. मला ओढून पावसला आणलं. इंजिन मनालीने सावित्रीकडे पाठवून दिलं. आणि मी नर्सरीच्या कोपऱ्यात, चाकांना चिरे लावून उभी राहिले. तेव्हापासून मला हे बोलणं फुटलंय.

परवा कळलं ते असं. तिन्हीसांजेला उतारावर कुणीतरी खोकलं, दोनदा. माझाच खोकला! मी तर इथे उभी. मनाली पळत खळ्यात आली, उतारावर कुणी नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. गाऱ्हाण्यात राजारामाचं नाव घेतलं होतं ना? देवाने आधी एकाला पोचवलं, आता दुसऱ्याला आणलंय. माझ्या रिकाम्या पोटात बसून राजारामच मला बोलतं करतोय.

आज पुन्हा खोकला आला. मनाली पायरी उतरते आहे. तांब्या आहे, आणि आज भाकरीचा तुकडाही आहे. तिला हा आवाज जन्मभर हवा होता. पण अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते ती दाभोळला शिकून आली आहे. ती माझ्या बॉनेटवर हात ठेवेल आणि म्हणेल, "बाबा, पोचलात."

म्हण, पोरी, घाबरू नको. मंडळी, ती म्हणाली की मीही गप्प होईन, म्हणून तुमचा निरोप आत्ताच घेते.