बाबांना वास आला नव्हता

चार वर्षांपूर्वी मी माझ्या बाबांना नको नको ते बोलले.

आई गेल्यापासून बाबा निर्मळ गावात एकटेच राहतात, सोनचाफ्याची वाडी बघतात. माझं घर आचोळ्यात. त्या दिवशी माझ्या तीन वर्षांच्या लेकीला, खुशीला, त्यांच्याकडे सोपवून मी माणिकपूरला कामाला गेले होते. दुपारी तिला न्यायला आले तर बाबांच्या दारातच गॅसचा उग्र वास. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच. आणि बाबा तिथेच पाटावर बसून खुशीला खेळवत होते.

बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग मी तोंड सोडलं. "पोरीला मारायचं होतं का? एवढा वास सुटलाय, कळत नाही?"

"मला नाय आला गं," ते म्हणाले.

मला तो बहाणा वाटला. त्यानंतर खुशीला मी त्यांच्याकडे एकटं ठेवलं नाही.

यंदा त्यांचा उजवा हात थरथरू लागला, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाईंनी त्यांना चालायला लावलं आणि मध्येच विचारलं, "आजोबा, वास येतो का?"

"नाय. पाच-सहा वर्षं झाली. चाफा नाकाला लावला तरी कळत नाय."

पार्किन्सन होता. डॉक्टर मला म्हणाल्या, "मेंदूच्या पेशीतलं एक प्रथिन वाकडं दुमडतं, त्याच्या गुठळ्या होतात. ते शेजारच्या पेशीत जातं आणि तिथल्या चांगल्या प्रथिनालाही तसंच वाकडं करतं. पुष्कळांत सुरुवात वासाच्या भागातून होते, असं मानतात. हातापर्यंत यायला कित्येक वर्षं जातात."

"आधी कळलं असतं तर?"

"हे पसरणं थांबवणारं औषध अजून नाही. दोष देऊ नका स्वतःला."

मी कशाबद्दल विचारत होते, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

परतताना रिक्षात म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही खरं सांगत होतात. माझं चुकलं."

"मलापन वाटलं, माझंच लक्ष नसेल. म्हनून गॅस पेटवनंच सोडलं. शेजारची रंभा देते दोन वेळचं."

चार वर्षं मी दर आठवड्याला जात होते. ओटा स्वच्छ दिसायचा, मला बरं वाटायचं.

"शनिवारी खुशीला ठेवून जाते तुमच्याकडे."

"आता नको." त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "आता मीच भितो."

शनिवारी मी खुशीला घेऊन गेले आणि तिथेच थांबले. जेवण झाल्यावर तिला दोघांच्या मध्ये बसवलं. "तू लहान असताना मी आजोबांना खूप बोलले होते. त्यांची काहीच चूक नव्हती."

"कधी?" खुशीने विचारलं. तिला काही आठवत नव्हतं.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मलापन नाय आठवत," ते म्हणाले.